मस्टरबाहेरची मढी

(तलासरीत जमलेल्या पोरापोरींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. माईक बंद पडला तेवढ्या जागा फक्त गाळल्यात.)

दोस्तांनो, पोरींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयांनो, बाबांनो,

मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पत्रकावर तसं छापलंय. पण कविता मी आज वाचणार नाही. कविता ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल, मी खूश होईन, आणि उद्या पहाटे तुम्ही टमटमला लटकून उंबरगाव, सरीगाम, वापीला जाल. त्या टमटममधून सकाळी जेवढे जातात तेवढे संध्याकाळी परत येतात का, याच्याबद्दल मला बोलायचंय.

मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर काम करतो. जहाजाच्या खणात उतरायचं, माल जाळीत भरायचा, हूक अडकवायचा आणि वर विंचवाल्याला हात करायचा, एवढीच माझी विद्या. पण या विद्येनं मला एक गोष्ट शिकवली, जी कुठल्या शाळेत शिकवली नसती. गोदीत माणूस मेला की एक फॉर्म भरतात. त्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो. दोन बोटं रुंद. त्या दोन बोटांत जे बसेल तेच कारण. 'तोल जाऊन पडला.' 'सूचना पाळली नाही.' 'हेल्मेट घातलं नव्हतं.' रकाना भरणारा कधी खणात उतरलेला नसतो, आणि जो उतरला होता तो स्ट्रेचरवर असतो.

आमच्या टोळीतला एक जण माझ्या डोळ्यांदेखत गेला. डबल पाळी होती, म्हणजे सोळावा तास चालू. वायरचा स्लिंग झिजलेला, त्याच्या तारा म्हातारीच्या केसांसारख्या बाहेर आलेल्या. मुकादमाला सांगितलं होतं. तो म्हणाला, ही बोट संपू दे, मग बदलू. स्लिंग तुटला. रकान्यात लिहिलं गेलं, 'कामगार लटकत्या मालाखाली उभा होता.' आता हे खोटं नाही. उभा होताच. पण त्या खणात लटकता माल सोडून उभं राहायला जागा कुठं होती, हे लिहायला रकाना पुरला नाही. सोळा तास, झिजलेली वायर, 'बोट संपू दे' हेही पुरलं नाही. मेलेल्याचीच चूक निघाली. तीही त्याच्याकडून सही न घेता.

मराठीत आपण याला 'अपघात' म्हणतो. शब्द नीट बघा. त्याच्या पोटात 'घात' बसलाय. पण पेपरात छापून येईपर्यंत घात करणारा गळून पडतो आणि नुसतं नशीब उरतं. मी नशीब मानत नाही. मी विचारतो, याला तिथं कोणी पाठवलं? यालाच का पाठवलं? आणि हा तिथं होता हे कुठल्या कागदावर आहे?

पहिलं उदाहरण हवेचं घेऊ. तुमच्यापासून लांब नाही. २१ ऑगस्ट २०२५, तारापूर-बोईसरच्या एमआयडीसीत मेडली फार्मा नावाची औषधाची कंपनी. वायू गळला आणि चार कामगार मेले. तो वायू नायट्रोजन असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. नायट्रोजन हे काही भयंकर विष नाही. आत्ता आपण सगळे जी हवा ओढतोय त्यात शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच आहे. त्याला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. तो फक्त प्राणवायूची जागा खातो. हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग असतो. सोळाच्या खाली उतरला की डोकं चालेनासं होतं, दहाच्या खाली शुद्ध जाते, सहाच्या खाली दोन-चार श्वासांत खेळ खलास. माणसाला कळतसुद्धा नाही की आपण मरतोय. गुडघे वाकतात, बस्स. वरचा बघतो, भाऊ खाली बसला. तो धावतो. तोही बसतो. म्हणून असं मरण कधी एकटं येत नाही. दोघं, तिघं, चौघं मिळून जातात, एकमेकांना धरून.

९ एप्रिल २०२४ ला विरारच्या एका मोठ्या वसाहतीत सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले चौघं असेच मेले. गगनचुंबी बिल्डिंगा, खाली टाकी, टाकीत चार माणसं. गटारात वर आणखी सल्फरचा वायू असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असला की वास येतो, फार झाला की नाकच मरतं आणि वास येत नाही. माणसाला वाटतं, गेला वायू, आता उतरू. आणि आमच्या जहाजाच्या खणात? कोळसा, भंगार लोखंड, पेंड, खोबरं, लाकूड, हे सगळं बंद खणात पडून पडून प्राणवायू पिऊन टाकतं. वर झाकण उघडलं, ऊन खाली पडलं, सगळं स्वच्छ दिसतं. शिडीवरून उतरलेला माणूस परत शिडी चढत नाही.

म्हणजे औषधाची कंपनी, गटार आणि बोट. पेपरात तीन वेगळ्या बातम्या, तीन वेगळी खाती, तीन वेगळे साहेब. मरण एकच. आणि त्याच्यावरचा उपायही एकच, तो काही चंद्रावरून आणायचा नाही. उतरण्याआधी मीटरनं हवा तपासायची. पंख्यानं हवा सोडायची. कमरेला दोरी बांधायची. वर एक माणूस, ज्याचं काम फक्त खालच्याकडे बघत राहणं. ह्या चारही गोष्टींना मिळून जो खर्च येतो आणि जो वेळ जातो, तो वाचवला जातो. वाचवलेला तो पैसा म्हणजे मरणाचं कारण. रकान्यात ते बसत नाही.

आणि उतरतो कोण? गटारात कोण उतरतो हे या देशात जनगणना न करता सांगता येतं. बाबासाहेब म्हणायचे, जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. १९९३ ला कायदा आला, २०१३ ला दुसरा आला, हातानं मैला काढायला माणूस लावायचा नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात जे मेले त्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टानं तो आकडा तीस लाख केला. आकडा वाढतोय दोस्तांनो. कारण माणसं उतरतायत. कायद्यानं बंद असलेल्या कामाचा रेट कोर्टाला वाढवून द्यावा लागतो, असा हा देश.

तुम्ही म्हणाल, हा महारा-मांगांच्या, वाल्मीकींच्या पोरांचा प्रश्न, आम्ही वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, काथोडी, आमचा काय संबंध? तर आता तुमच्याच मातीचं सांगतो.

१० ऑक्टोबर १९४५. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे, मुंबईहून आलेल्या माझ्या दोस्तांना सांगतो. गवत कापायचे दिवस. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आमच्या मुंबईच्या म्हशी इथल्या वारल्याच्या घामावर दूध द्यायच्या. वारल्यांनी संप केला. मागणी एवढीच, पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये. त्याच्या आधी मे महिन्यात झरीला सभा झाली होती, लाल बावट्याखाली, वेठ करणार नाही म्हणून. वेठ म्हणजे काय हे सांगायला नको. लग्नाला पन्नास-शंभर घेतले की नवरा-बायको आणि पुढची पोरंसुद्धा सावकाराची, 'लग्नगडी' म्हणत त्याला. तर त्या ऑक्टोबरात तलवाड्याला हजारो वारली जमले आणि त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच मेले. जेठ्या गांगड त्यातला एक. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलंय, १९७० सालचं पुस्तक. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा.

इतिहासाच्या पुस्तकात याला 'उठाव' म्हणतात, 'हुतात्मे' म्हणतात. म्हणा. मी गोदी कामगार आहे, मी याला कामावरचं मरण म्हणतो. मजुरीचा दर मागताना मजूर मेला. स्लिंग तुटून मेलेल्याच्या आणि गोळी लागून मेलेल्याच्या मध्ये फरक एवढाच की एकाला दर परवडत नाही म्हणून मारलं, दुसऱ्याला वायर परवडत नाही म्हणून.

तेव्हाच्या मरणाला निदान तारीख आहे, संख्या आहे, नाव आहे. आजच्या मरणाला तेही नाही. चिकूच्या वाडीत झाडावरून पडून कंबर मोडलेला माणूस कुठल्या खात्यात लिहितात? घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळाला, फळाला सरकारी दाखला मिळाला. फळ काढणाऱ्याचं नाव मुकादमाच्या वहीत पेन्सिलीनं. ताडावरून पडलेला, गवतात साप चावलेला, वीटभट्टीवर बाळंत होऊन तिथंच गेलेली, विहीर खोदताना सुरुंगात उडालेला, यांना शेजारीपाजारी जाळून किंवा पुरून येतात आणि 'त्याचा दिवस भरला' म्हणतात. दिवस भरला म्हणे. हजेरी कोणी भरली ते सांगा!

डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, चिंचणी-वाणगाव पट्ट्यात घराघरांत डायमेकिंगचं काम चालतं. किती माणसं एका शेडमध्ये? आठ, बारा, पंधरा. आता हिशेब ऐका. जुन्या फॅक्टरी कायद्यात वीज वापरून दहा माणसं कामाला असली की तो कारखाना. नव्या लेबर कोडमध्ये, जो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, ती दहाची वीस झाली. विजेशिवाय असेल तर विसाची चाळीस. म्हणजे पंधरा माणसांची शेड कायद्याच्या हिशेबात कारखाना नाही. तिथं कोणी मेला तर तो कारखान्यात मेला नाही. मग कुठं मेला? हवेत मेला. आणि इन्स्पेक्टरचं नावसुद्धा बदललं, आता तो 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर'. म्हणजे तपासणारा-कम-सोय करणारा. सोय कोणाची ते विचारू नका.

मोठ्या कारखान्यांतही काय उजेड आहे ते तुम्हाला माहीत आहे. तारापूरला ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी स्फोट झाला, आठ मेले. इमारतीचं बांधकाम चालू असलेल्या जागी. त्याच्या आधीही झाले, नंतरही झाले. देहण्याच्या फटाका कारखान्यात जून २०२१ मध्ये स्फोट झाला तेव्हा आवाज कुठल्या कुठं गेला. तुम्हाला तर २०१८ पासून धुंदलवाडीच्या भूकंपाच्या हादऱ्यांची सवय. जमीन हलली की आधी विचारायचं, भूकंप की कंपनी? नागपूरजवळ बाजारगावला डिसेंबर २०२३ मध्ये दारूगोळ्याच्या कंपनीत नऊ मेले, त्यातल्या सहा बायका. शहापूरला १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाचा गर्डर कोसळला, वीस मेले. त्या महामार्गाचं नाव समृद्धी. असो.

आता समुद्राकडे येऊ, कारण डहाणूचा निम्मा जीव समुद्रात आहे.

इथली पोरं पावसाळा संपला की ओखा, पोरबंदर, मांगरोळला जातात. खलाशी म्हणून. आधी उचल घ्यायची, आणि मग आठ-नऊ महिने बोटीवर. उचल घेतलेला माणूस बोट सोडू शकत नाही. मघाच्या लग्नगड्याचीच ही पाण्यावरची जात. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' नावाच्या बोटीवर पाकिस्तानी जहाजातून गोळी आली, पालघरच्या वडराईचा खलाशी मेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मेला. तोही असाच गुजरातच्या बोटीवरून पकडलेला. प्रेत घरी पोचायला मे उजाडला. तोवर आई-बायकोनं काय करायचं? कुंकू लावायचं की पुसायचं? यावर टीव्हीवर दोन देशांचे लोक भांडतात. पण एक साधी गोष्ट कोणी विचारत नाही. समुद्रात रेघ कुठं आहे ते यंत्र बघून ठरवतो तांडेल, मासे कुठं आहेत ते सांगतो मालक, आणि जाळं ओढणारा, ज्याला त्या यंत्रातलं अक्षर वाचता येत नाही, तो तुरुंगात जातो. त्याला कामावर ठेवल्याचा कागद तरी मालकाकडे आहे का? ह्या राज्याकडे आहे का? त्या राज्याकडे?

पी-३०५ आठवतेय? तौक्ते वादळ, १७ मे २०२१. बॉम्बे हायजवळ कामगारांना राहायची ती बार्ज. तिच्यावर २६१ माणसं. तिच्याबरोबर 'वरप्रदा' नावाची टग, तिच्यावर १३. वादळाची सूचना हवामान खात्यानं आधीच दिलेली. बार्ज आत आली नाही, नांगर टाकून थांबली, नांगर तुटले. दोन्हींवरचे मिळून ८६ मेले. प्रेतं वाहत वाहत रायगडला लागली, वलसाडला लागली, म्हणजे तुमच्या वर आणि खाली. तेव्हाच 'गॅल कन्स्ट्रक्टर' नावाची दुसरी बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याला लागली, तिच्यावरचे १३७ जण वाचवले, तेवढं बरं झालं.

आता तपास बघा. गुन्हा नोंदला आमच्या गोदीतल्या यलोगेट पोलीस ठाण्यात. आरोपी नंबर एक कॅप्टन. आणि कॅप्टन कुठं? तोच बेपत्ता. तोही मेलेल्यांतच निघाला. तेलविहिरी सरकारी कंपनीच्या, काम दुसऱ्या कंपनीला दिलेलं, बार्ज तिसऱ्याची, तिच्यावरचे कामगार आणखी खालच्या खालच्या कंत्राटदारांचे. चार मजली इमारत. नफा जिन्यानं वर जातो, आणि दोष? दोष पाण्यासारखा खाली उतरतो आणि सगळ्यात तळाला जो असेल त्याच्या नाकातोंडात जातो. कंत्राटाचा शोध मजुरी कमी द्यायला लागला असं आपण समजतो. मी सांगतो, तो शोध मरणाची जबाबदारी हरवून टाकायला लागलाय. मजुरी वाचते तो वरचा फायदा.

आता तुम्हाला माझ्या गोदीचं, सगळ्यात मोठ्या मरणाचं सांगतो. तारीख ऐका. १४ एप्रिल १९४४. हो, तीच. बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पुरी झाली तो दिवस. आणि बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लेबर मेंबर होते, या देशातल्या मजुरांचं खातं त्यांच्याकडे. त्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच बोटीत कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत! कुठला हमाल असा माल लावायला सांगेल? चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडालं. गोदी गेली, आजूबाजूची वस्ती गेली.

किती मेले? अग्निशामक दलाचे सहासष्ट. हा आकडा पक्का आहे, त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. आणि बाकीचे? कोणी आठशे म्हणतं, कोणी तेराशे. मध्ये पाचशे माणसांचा फरक! पाचशे माणसं मेली की नाही मेली हे ऐंशी वर्षांनंतर या शहराला सांगता येत नाही. का? फायरवाल्याचं नाव मस्टरवर होतं. गोदीतला हमाल तेव्हा रोजचा रोज नाक्यावरून उचललेला, टोळीवाल्याच्या भरवशावरचा. जो जिवंतपणी मोजला नाही तो मेल्यावर कुठून मोजणार?

माझी सगळी बडबड या एका फरकापाशी येते. सहासष्ट हा आकडा आहे आणि आठशे ते तेराशे हा अंदाज आहे. आपण अंदाजातली माणसं आहोत.

त्यानंतर चार वर्षांनी, १९४८ ला, गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला. मुंबईत डॉक लेबर बोर्ड झालं, रजिस्टर झालं, टोळीवाल्याच्या तोंडी हजेरीला लगाम लागला. संप झाले, लोक तुरुंगात गेले, तेव्हा ते मिळालं. आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आणणारं बिल बाबासाहेबांनी १९४६ ला आणलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. गोदीत कंटेनर आले, खासगी धक्के आले, रजिस्टरवरचे म्हातारे रिटायर झाले, आणि माझ्यासारखे परत नाक्यावर उभे. माझा बाप म्हणायचा, आमच्या वेळी नंबर होता. मला नंबर नाही. मला 'ए' म्हणून हाक मारतात.

आणि आता गोदी तुमच्या दारात येतेय. वाढवण. जून २०२४ ला दिल्लीत मंजुरी, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरात येऊन पायाभरणी केली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. समुद्रात १४४८ हेक्टर भराव. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं याच जागेच्या बंदराला नाही म्हटलं होतं, त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये हो म्हटलं. मासेमार बाया-बाप्ये वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे, बंदरात पोट भरणारा असून. पण आज त्या वादात शिरत नाही. सरकार म्हणतंय, बारा लाख रोजगार. तुमच्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांत ते बारा लाख चमकतायत, मला इथून दिसतंय. पोटाला लागतं, मी कोणाला दोष देत नाही.

मी फक्त आतला माणूस म्हणून सांगतो की बंदरात मरण पहिली बोट यायच्या आधी येतं. भराव म्हणजे दगड. दगड म्हणजे डोंगर फोडायचा, सुरुंग, क्रशर, छातीत बसणारी धूळ, रात्रीचे डंपर. शेजारीच बुलेट ट्रेनचे बोगदे, एक्स्प्रेस-वे. सूर्या प्रकल्पाचं पाणी मुंबईच्या उपनगरांना न्यायचं म्हणून ससूनवघरला खोदकाम चालू होतं, २९ मे २०२४ ला तिथं माती ढासळली आणि पोकलेन चालवणारा यंत्रासकट गाडला गेला. सैन्य आलं, एनडीआरएफ आलं, दिवसच्या दिवस शोध. हे सगळं 'विकास' या एका रकान्यात बसतं, तो रकाना मात्र फार रुंद आहे.

तर मग करायचं काय, असं कोणीतरी मागून विचारलं. बरोबर विचारलं. घोषणा मलाही देता येतात, पण घोषणेनं विधवेच्या हातात काही पडत नाही. दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो.

माणूस मेला की दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस पाड्यावर येतो. पाकीट घेऊन. पन्नास हजार, लाख, फार तर दोन. कोऱ्या कागदावर अंगठा. पाड्यातलाच एखादा पुढारी त्याच्याबरोबर असतो, त्याचं वेगळं पाकीट. हे लक्षात ठेवा: मेलेल्या कामगाराची भरपाई घरी येऊन हातात द्यायची नसते, ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. हे १९२३ च्या कायद्यापासून आहे. परस्पर दिलेलं पाकीट भरपाई धरत नाहीत. पाकीट घ्या की नका घेऊ, पोट तुमचं. पण अंगठा देऊ नका.

भरपाईचा हिशेब असा. महिन्याच्या पगाराचे निम्मे, गुणिले वयाप्रमाणे एक आकडा. तो आकडा कायद्याच्या तक्त्यात छापलेला आहे. वीस वर्षांच्या पोराला २२४. चाळीसच्या माणसाला १८४ आणि वर थोडं. म्हणजे दहा हजार पगाराचा वीस वर्षांचा पोरगा मेला तर पाच हजार गुणिले २२४, अकरा लाख वीस हजार. आता पाकीट किती होतं ते आठवा. आणि मेख कुठं आहे ते बघा: पगार दाखवायला कागद लागतो. रोख हातावर घेतलेला पगार मेल्यावर सांगता येत नाही.

आणि कंत्राटदार पळाला तरी ज्याचं काम चालू होतं तो मूळ मालक सुटत नाही, कायद्यात तसं आहे. म्हणून पोलिसात जबाब देताना फक्त मुकादमाचं नाव सांगू नका. गेटवर ज्या कंपनीची पाटी आहे तिचं नाव सांगा. पाटीचा फोटो काढून ठेवा, आजच, जिवंत असताना. पोस्टमार्टेमशिवाय प्रेत हलवू देऊ नका. गुजरातमध्ये मेला तर तिथलाच पंचनामा हवा. अच्छाडचा नाका ओलांडून प्रेत इकडे आलं की 'घरी मेला' असं होतं.

पण हे सगळं नंतरचं. आधीचं काम सोपं आहे, आणि ते आपणच करायचंय, सरकार करणार नाही. वही. प्रत्येक पाड्याला एक वही. कोण कामाला गेला, कुठल्या गावाला, कुठल्या कंपनीत, मुकादम कोण, त्याचा फोन, रोज किती ठरला, उचल किती घेतली, कुठल्या गाडीनं गेला, कधी परतायचं. दर सोमवारी दहावी-बारावीच्या पोरीनं लिहायचं. पोरीच म्हणतो, कारण पोरं स्वतःच टमटममध्ये असतात. मुकादम विचारेल, हे कशाला? सांगायचं, कविता लिहितोय.

येताना दादरला मी एक दोनशे पानी वही घेतली. रस्त्यात ती आखून झाली. पहिलं पान तलवाड्याच्या पाच जणांसाठी सोडलंय, त्यातलं एक नाव मला माहीत होतं ते लिहिलं, बाकीची चार इथल्या म्हाताऱ्यांनी सांगावीत. दुसऱ्या पानापासून रकाने मोकळे आहेत. 'कारण'चा रकाना मी अख्खं पान रुंद ठेवलाय. पेन इथं टेबलावर आहे. उद्या पहाटे ज्यांना जायचंय त्यांनी आधी या.